जुवाचं जोतं आणि एनजीएफची शेपटी

प्रथिन आणि रिसेप्टर (पेशीवर बसलेलं, ते प्रथिन धरणारं दुसरं प्रथिन) म्हटलं की पाठ्यपुस्तकात कुलूप-किल्लीचं चित्र ठरलेलं. मज्जातंतू वाढवणाऱ्या प्रथिनांच्या बाबतीत ते फसतं, कारण या किल्लीचे दाते कुलपात शिरेपर्यंत तयारच झालेले नसतात. त्यापेक्षा आपल्या वावरातलं जू बरं. जुवाचं लाकूड कोणत्याही बैलाच्या मानेवर टेकतं. जोतं मात्र नुसतंच लोंबत असतं, मानेभोवती आवळलं की मगच त्याला आकार येतो.

एनजीएफ (नर्व्ह ग्रोथ फॅक्टर) हे असंच मज्जातंतू वाढवणारं प्रथिन, हुबेहूब सारख्या दोन साखळ्यांची जोडी. एकेका साखळीत साधारण ११८ अमिनो आम्लं, वजन सुमारे १३ किलोडाल्टन. तीन डायसल्फाइड बंधांपैकी (म्हणजे गंधकाच्या दुव्यांपैकी) दोघांचं कडं होतं आणि तिसरा त्यातून ओवला जातो. ही गाठ इतकी पक्की की रेणूचा मधला भाग जवळजवळ हलत नाही. या जुवाच्या दोन बाजूंना दोन ट्रक-ए रिसेप्टर जुंपले जातात. (बंडीच्या जागी ट्रक आला असं समजू नका, हे ट्रोपोमायोसिन रिसेप्टर कायनेजचं लघुरूप आहे.) दोघं जवळ आले की पेशीच्या आतल्या बाजूला एकमेकांच्या टायरोसिन या अमिनो आम्लांवर फॉस्फेट चढवतात. ४९० आणि ७८५ या जागांवरचे त्यातले महत्त्वाचे. एकाच बैलाने बंडी हलत नाही, तसंच हे.

या घराण्यात एनजीएफ, बीडीएनएफ, एनटी-३ आणि एनटी-४ अशी चार भावंडं. क्रम जवळपास निम्मा सारखा. मग ट्रक-ए एनजीएफच का धरतो, आणि त्याचा भाऊबंद रिसेप्टर ट्रक-बी बीडीएनएफ व एनटी-४ का?

ट्रक-एच्या पेशीबाहेरच्या भागात पाच डोमेन, म्हणजे स्वतंत्र घडीचे तुकडे, आहेत. त्यातलं पेशीपटलाला लागून असलेलं पाचवं, इम्युनोग्लोब्युलिनसारखं डोमेन मुख्य पकड करतं. १९९९ साली एनजीएफ आणि या डोमेनच्या जोडीची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली आणि दोघं जिथे टेकतात ते दोन वेगळे पट्टे दिसले. पहिला एनजीएफच्या कमरेवर. तिथे आर्जिनिन १०३ ट्रक-एच्या फेनिलअ‍ॅलानिन ३२७ वर चपखल बसतं. हे आर्जिनिन चारही भावंडांत आहे, म्हणून हा पट्टा ताकद देतो, ओळख नाही. ओळख दुसऱ्या पट्ट्यात: साखळीच्या अगदी सुरुवातीची शेपटी. हेच आपलं जोतं, सुटं असताना सैल. ट्रक-एला टेकताच शेपटीच्या ६ ते ९ या जागांवर हेलिक्सचं (मळसूत्राचं) छोटं वळण पडतं आणि सहाव्या जागेचं आयसोल्युसिन सिस्टीन ३००–३४५ या बंधाजवळच्या खळगीत रुतून बसतं. ट्रक-बी आणि ट्रक-सीमध्ये ही खळगी तशी नाही. शेपटी कापली की ट्रक-एची पकड शेकडो पटींनी ढिली पडते.

संगणकावर डॉकिंग करणारे, म्हणजे दोन रेणू एकमेकांत बसवून पाहणारे, नेमके इथेच घसरतात. प्रोटीन डेटा बँकेतली १बीईटी ही सुट्या एनजीएफची फाइल घेतली तर सुरुवातीची शेपटी त्यात दिसतच नाही. फाइल बिघडलेली नसते, सैल तुकड्याचा स्फटिकात ठसा उमटत नाही एवढंच. पण म्हणजे विशिष्टता ठरवणारा तुकडाच गायब! १डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू ही जोडीची फाइल घ्या. मोबाइलच्या ब्राउझरवरही उघडते. दुसरा फास पाचव्या डोमेनच्या एकट्या फाइलींत, उदाहरणार्थ १डब्ल्यूडब्ल्यूएमध्ये. तिथे दोन रेणूंनी आपापली एक पट्टी अदलाबदल केलेली आहे. ती रिसेप्टरची खरी जोडी समजून मॉडेल उभारलं तर सगळंच तिरपं जातं.

पेशींवर तपासायचं असेल तर पीसी-१२, म्हणजे उंदराच्या अधिवृक्क ग्रंथीच्या गाठीतून वाढवलेल्या पेशी. कोलॅजन लावलेली डिश, सीरम १ टक्क्याच्या आसपास, एनजीएफ ५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे सुमारे २ नॅनोमोलर. दर दोन दिवसांनी माध्यम बदलायचं, काही दिवसांत पेशींना मज्जातंतूसारखे धागे फुटतात. कोलॅजन नसेल तर पेशी गोळा होऊन तरंगतात. एनजीएफ बराच आम्लारीधर्मी, पातळ द्रावणातून प्लास्टिकला चिकटतो, म्हणून ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तद्रवातलं अल्ब्युमिन) घालावं. नाहीतर दोष प्रथिनाच्या माथी जातो आणि माल राहतो नळीच्या भिंतीवर. याच पेशींना बीडीएनएफ दिलं तर धागे फुटत नाहीत, कारण ट्रक-बी नाही.

मात्र बीडीएनएफ तिथल्या पी-७५ ला चिकटतं. हा दुसरा रिसेप्टर चारही भावंडांना जवळपास सारखाच धरतो, त्याचा ओढा विद्युतभाराकडे. एनजीएफमधली लायसिन ३२, ३४ आणि ९५ बदलली की पी-७५ सुटतो, ट्रक-ए टिकतो. म्हणून नुसतं 'चिकटलं' दिसलं की ट्रकचा निष्कर्ष काढू नये. ट्रकचं काम रोखणारं के-२५२ए हे रसायन देऊन एनजीएफने फुटणारे धागे थांबतात का, ते पाहावं.

नागाच्या विषातही एनजीएफ असतं. १९५० च्या दशकात स्टॅन्ले कोहेन यांनी मज्जातंतू वाढवणाऱ्या ट्यूमरच्या अर्कातली न्यूक्लिक आम्लं तोडायला सापाचं विष घातलं, तर मज्जातंतू उलट जास्तच फुटले. विषच एनजीएफने भरलेलं निघालं. त्यावरून ते उंदराच्या लाळग्रंथीकडे वळले. १९८६ चं नोबेल त्यांना आणि रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना मिळालं.

शेवटी क्रमांकांचा घोळ. वेदना न जाणवणाऱ्या एका स्वीडिश घराण्यात सापडलेला बदल कुठे आर-१००-डब्ल्यू लिहितात (त्या जागी आर्जिनिनऐवजी ट्रिप्टोफॅन), कुठे आर-२२१-डब्ल्यू. जागा एकच. दुसऱ्या मोजणीत कापून टाकला जाणारा पुढचा तुकडा धरलेला असतो, म्हणून १२१ चा फरक. त्या मोजणीत वरचं आयसोल्युसिन ६ म्हणजे १२७ आणि आर्जिनिन १०३ म्हणजे २२४.