डावीकडची तार

मूळचा मी पेटी, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त करणारा. आमच्याकडं पेटी म्हटली की अजूनही जालन्याच्या अप्पा जळगावकरांचं नाव निघतं. पियानोचं ट्यूनिंग मी पुढं मुंबईत राहून शिकलो. मराठवाड्यात पियानो मोजकेच, पण ट्यूनर त्याहून कमी, त्यामुळं बोलावणं येतं.

त्या मे महिन्यात संभाजीनगरला एकल पियानोवादनाचा कार्यक्रम होता. गायक नाही, तबला नाही, दोन तास एकटा माणूस. ग्रँड पियानो पुण्याहून भाड्यानं टेंपोत आला होता. उन्हानं लाकूड आक्रसलेलं आणि मधलं सप्तक चांगलंच उतरलेलं. सूर चढवत आणत होतो, तेवढ्यात फाट्कन आवाज झाला. वरच्या सप्तकातल्या ‘ई’ या स्वराची एक तार गंजून गेली होती, ती पिनेपाशीच तुटली.

टेंपोवाला पोरगा म्हणाला, “मामा, किती तारा हायेत ह्यात?”

“सव्वादोनशेच्या आसपास.”

“मंग एक तुटली तर काय एवढं!”

बऱ्याच पियानोंत एकच तार खिळ्याला वळसा घालून दोन तारांचं काम करते. या पियानोत प्रत्येक तार स्वतंत्र बांधलेली, म्हणून एकीवरच भागलं. वरच्या पट्ट्यांना तीन-तीन तारा असतात, त्यामुळं ‘ई’ वाजत होता, पण शेजाऱ्यांपुढं खालच्या आवाजात बोलल्यासारखा. नवी तार टाकता आली असती; पण ती ताणत राहते, चार सूर झाले की पुन्हा उतरते. भर कार्यक्रमात बेसूर होण्यापेक्षा नसलेली बरी.

पियानिस्ट आला. तिशी-पस्तिशीचा, साधा. पेटीवाला आपली पेटी घेऊन येतो, सतारिया आपल्या सतारीला दुसऱ्याला हात लावू देत नाही. याला मात्र रोज नव्या गावात परक्या वाद्यापुढं बसायचं. नाव झालं, रेकॉर्डिंगं झाली, तरी ते सुटत नाही.

मी सांगितलं तसं त्यानं विचारलं, “काका, तिघींतली कोणती गेली?”

“डावीकडची.”

तो हसलाच. “मग काम झालं.”

ग्रँडचा डावा पेडल दाबला की सगळ्या हातोड्या जरा उजवीकडं सरकतात आणि डावीकडची तार सोडून उरलेल्या दोघींवरच पडतात. म्हणजे पेडल दाबलेला असेल तर बाकीचे वरचे स्वरही दोन तारांवर येणार, आमचा ‘ई’ उठून दिसणारच नाही! हे मला ठाऊक होतं, पण त्याचा असा उपयोग कधी सुचला नव्हता.

त्यानं कागद काढून क्रम बदलला. संथ रचना डाव्या पेडलवर घेतल्या, जोरकस होत्या त्या ‘ई’ टाळायला अर्धा स्वर खाली सरकवल्या. एकट्यानं वाजवण्याची ही सोय. मध्यंतरात एक आजोबा म्हणाले, “मींड नाही, पण मजा आली.” मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं; ती या वाद्यात येणारच कुठून? पट्टीवरचा स्वर ठोकून बसवलेला.

रात्री पियानो टेंपोत चढत असताना तो म्हणाला, “काका, परवा नांदेडला अपराइट, उभा पियानो आहे म्हणे. दुपारीच येऊन बघाल का?”

मी दर सांगितला. शंभर कमी करून घेतलेच त्यानं.