पाणी शोधलं, पुणं सापडलं

मराठी विकिपीडियाचा डंप (सगळ्या लेखांची एकगठ्ठा प्रत) रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर उतरवून घरच्या घरी शोधयंत्र चालवायचं, एवढाच आपला खेळ. आत एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसचं एफटीएस५ हे मजकूर शोधायचं अंग, बाकी काही नाही. मागच्या नोंदीत शोध रखडतोय म्हणून रडलो होतो, एकेका शब्दाला तीन-चार सेकंद. मग कॅशे वाढवून पाहिला, उपयोग शून्य. ऑप्टिमाइझ ही आज्ञा चालवून इंडेक्सचे (कोणता शब्द कोणत्या लेखात आहे त्या सूचीचे) तुकडे एकत्र केले, त्याने जेमतेम फरक पडला.

शनिवारी बायकोने 'पाणी' टाइप केलं आणि पहिल्या पाचात पुणे. "अहो, हे काय शोधतंय?"

इंडेक्सात नक्की कोणते शब्द बसलेत ते एफटीएस५व्होकॅबच्या तक्त्यात दिसतं. उघडलं तर वरच्या ओळींत सगळी सुटी अक्षरं! युनिकोड६१ हा टोकनायझर, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणारा भाग, मुळात फक्त अक्षरं आणि अंक धरतो. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त त्याच्या लेखी शब्द तोडणारी चिन्हं. 'पाणी'चं झालं प, ण. 'पुणे'चंही प, ण. 'महाराष्ट्र'चे तर पाच तुकडे. रखडण्याचं कारणही हेच. 'र' जवळजवळ प्रत्येक लेखात सापडणार, मग त्या अवाढव्य याद्या घेऊन कोणता तुकडा कुणाच्या शेजारी आहे ते जुळवत बसायचं.

इतके दिवस लक्षात कसं आलं नाही? कारण मी चाचणीला घर, नगर, कमळ, बदक असले पहिलीच्या पुस्तकातले बिनकान्याचे शब्द घेत होतो. ते अखंड राहतात.

उपाय एका ओळीचा: टोकनायझर शब्दात धरतो त्या चिन्हांच्या कॅटेगरीजमध्ये एमएन आणि एमसी (काना, मात्रा, हलन्त ज्यांत येतात ते युनिकोडचे दोन गट) घातले आणि इंडेक्स नव्याने भरला. आता 'पाणी' एंटर दाबताक्षणी येतं.

पण एक गंमत हरवली. आधी 'घरात'चे 'घर' आणि 'त' व्हायचे, त्यामुळे 'घर' शोधलं की 'घरात', 'घराला' फुकटात मिळायचं. आता 'घर' म्हणजे फक्त 'घर'. म्हणून प्रीफिक्स इंडेक्स, म्हणजे शब्दांच्या सुरुवातीच्या तुकड्यांची सूची, २ आणि ३ चिन्हांचा लावला. 'पाण' आपल्याला दोन अक्षरी, यंत्राच्या मोजणीत तीन. 'पाण*' (पुढे काहीही चालेल) दिलं की 'पाण्यात' येतं, सोबत पाणबुडीही येते. प्रत्यय छाटायचे नियम लिहायला घेतलेत, पण सामान्यरूपांनी घाम काढलाय.

राहिला 'दऱ्या'. कुणी 'ऱ' वापरून लिहितं, कुणी 'र'ला हलन्त देऊन मध्ये न दिसणारा जोडक घालतं. पडद्यावर सारखंच दिसतं, पण तो जोडक वरच्या दोन्ही गटांत नसल्याने शब्द तिथेच तुटतो. आता मजकूर आत घालण्याआधीच सगळं 'ऱ'वर आणतोय. रात्रीपासून तिसऱ्यांदा भरणं चालू आहे, रास्पबेरी पाय तापलाय, टेबलफॅन त्याच्याकडे वळवलाय.