कार्लूचा हातमोजा: मोआरे गेला एकदाचा!

मंडळी, झाँ कार्लू या फ्रेंच चित्रकाराचं युद्धकाळातलं ‘प्रॉडक्शन’ पोस्टर मी घरी स्क्रीन-प्रिंटने (ताणलेल्या कापडातून शाई ओढून) छापतोय, त्यातला हातमोजा एकदाचा नीट उतरला! मागच्या नोंदीत ‘प्रॉडक्शन’ची अक्षरं दाखवली होती. तो सपाट रंगाचा स्क्रीन (फ्रेमवर ताणलेला कापडी छापा) होता, पहिल्याच फटक्यात जमला. घोडं अडलं ते हातापाशी.

झाँ कार्लूचं १९४२ चं हे पोस्टर निवडलं ते त्यातल्या पकडीसाठी. मोजा घातलेला हात पान्याने नट आवळतोय आणि तो नट म्हणजेच ‘प्रॉडक्शन’मधला ‘ओ’. कारखान्यातल्या कामगाराला यापेक्षा वेगळं काय समजावायचं? अठराव्या वर्षी अपघातात उजवा हात गमावलेल्या चित्रकाराने हे डाव्या हाताने काढलंय. पण सगळा जोर मोज्याच्या चुण्यांतल्या छटांमध्ये आहे. छटा सपाट झाली की पाना नुसता अक्षरावर टेकवल्यासारखा दिसतो.

आता मोआरेबद्दल, म्हणजे छपाईत नको असताना उठणाऱ्या जाळीबद्दल. १२० टी कापड (सेंटीमीटरला १२० धागे), ५५ लाइनचा हाफटोन (छटा ठिपक्यांत फोडायची पद्धत, इंचाला ठिपक्यांच्या ५५ ओळी), त्या ओळींचा कोन २२.५ अंश. कागदावर सगळं बरोबर. तरी अंगठ्याच्या मुळाशी, मधल्या करड्यात, चौकटीचा शर्ट घातल्यासारखी जाळी उठायचीच. कोन फिरवला की ती मनगटाकडे सरकायची. ४५ लाइनवर आलो तर जाळी फिकी झाली, पण ठिपके इतके ठळक की मोज्याला देवी आल्यासारख्या वाटल्या.

मग हाफटोनच सोडला. जाळी उठते ती ठिपक्यांची आणि धाग्यांची, अशा दोन नेमक्या रचना एकमेकींवर आल्या म्हणून. मग ठिपक्यांना रचनाच नको! ट्रेसिंग फिल्मवर कागदाचे मास्क कापून लावले, टूथब्रश काळ्या अपारदर्शक शाईत बुडवून वर्तमानपत्रावर जवळजवळ कोरडा केला आणि अंगठ्याने तुषार उडवले. चुणीच्या कडेला दाट, उजेडाकडे विरळ. मास्क हलके सरकवत गेलं की कड आपोआप मऊ होते. कापडावरच्या इमल्शनला (उजेडाने घट्ट होणाऱ्या लेपाला) फिल्ममधून उजेड द्यायचा वेळ, म्हणजे एक्स्पोजर, मात्र कमी केलं, कारण जास्त वेळ दिला की उजेड बारीक ठिपक्यांच्या कडेने आत शिरतो आणि विरळ भाग साफ बुजून जातो. धुताना पाण्याचा जोरही कमीच ठेवला.

पहिला प्रिंट उचलला आणि खरंच अंगावर काटा आला. तर्जनीच्या पेराशी कातड्याचा मोजा ताणलेला दिसतोय!

इमल्शनबद्दल एक कळकळीची सूचना: उत्पादनाची तारीख नसलेला डबा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. स्क्विजी (शाई ओढायची रबरी पट्टी) मात्र लाकडी मुठीचीच बरी, मनगट दुखत नाही.

पुढचा बेत जे. हॉवर्ड मिलरच्या ‘वी कॅन डू इट!’ या, दंड दाखवणाऱ्या कामगार बाईच्या पोस्टरचा होता. ते आज घरोघरी असलं, तरी फेब्रुवारी १९४३ मध्ये वेस्टिंगहाउस या अमेरिकन कंपनीच्या कारखान्यांत जेमतेम दोन आठवडे लागलं होतं. पण हे लिहिता लिहिताच वाटतंय, ते थांबू दे. कार्लूच्या हातासाठी एका करड्याऐवजी दोन करडे स्क्रीन करावेत: फिकट करड्यात बारीक तुषार, गडद करड्यात जाड. पान्याची चकाकी मग कोऱ्या कागदाचीच राहील. रविवारी नवे मास्क कापतो.

जाड तुषारांसाठी ९० टी कापड कुणी वापरलंय का? कड कितपत करवती येते ते सांगा, म्हणजे त्या हिशोबाने फ्रेम ताणून घेतो.