पुढे निशाण्या

माण तालुक्यातल्या एका दिवंगत मास्तरांचं जुन्या कागदांचं दप्तर आमच्या संग्रहात आलं, तेव्हा त्यातल्या प्रत्येक रुमालात, म्हणजे कागद बांधलेल्या गाठोड्यात, सूनबाईंनी मूठमूठ डांबरगोळ्या टाकल्या होत्या. भावना चांगली, पण वासाने डोकं उठलं. मास्तरांनी उभी हयात दहिवडी-म्हसवडच्या वाड्यांतून कागद गोळा केले. १९६२च्या कायद्याने पाटीलकी संपली, तसे वतनाचे कागद घराघरांत अडगळीत पडले. बंबात जायचे ते मास्तरांनी मागून आणले. काही मूळ कागद मिळाले. काही मालकांनी दिले नाहीत, तिथे त्यांनी ओसरीवर बसून मोडीतून बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, नक्कल केली. त्यातले कितीतरी मूळ कागद आता कुठेच नाहीत.

आमचं काम म्हणजे भिंग लावून शिवाजी महाराजांची पत्रं शोधणं, असा लोकांचा समज आहे. दिवसाचा मोठा भाग ब्रशने धूळ झाडण्यात आणि सेलोटेप काढण्यात जातो. मास्तरांना सेलोटेपचं भारी प्रेम. हातकागद अडीचशे वर्षं टिकतो, काजळाची शाई काळीभोर राहते आणि टेप लावलेली जागा काही वर्षांत तपकिरी होऊन तुकडा पडतो. शिवाय लांब कागद म्हणजे एकाखाली एक चिकटवलेले बंद, म्हणजे कागदाच्या पट्ट्या. मध्ये कुणी तुकडा घुसवू नये म्हणून पाठीमागे जोडावर शिक्का मारत. मास्तरांची टेप नेमकी त्या शिक्क्यावर!

२०२३मध्ये कुणबी नोंदी शोधायला सरकारने न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. तोवर आम्हाला चहाही कुणी विचारत नव्हतं. आता लोक थेट कागद पुढे ठेवतात आणि 'एवढं नाव सापडतंय का बघा' म्हणतात. अख्खा कागद वाचायची तयारी कुणाचीच नसते.

त्या दिवशी आलेले गृहस्थ मात्र वेगळे होते. साठीचे, एसटीतून निवृत्त झालेले. मास्तरांनी छापलेल्या गावच्या इतिहासाची झेरॉक्स घेऊन आले होते. पाटीलकीच्या वडीलपणावरून दोन भावांत तंटा झाला, गोत म्हणजे गावच्या वतनदारांची सभा जमली, महजर म्हणजे तिच्या निवाड्याचा कागद झाला, अशी ती हकीकत. "आमचा आजा सांगायचा, त्या कागदावर आमच्या घरातल्याची आरी हाय. पुस्तकात तर कायच नाय." गावच्या चांभारकीचं वतन त्यांच्या घराण्याचं.

मी मास्तरांची नक्कल काढली. दुरेघी वही, मोत्यासारखं अक्षर. पाटलाच्या नावापाशी, सहीच्या जागी काढलेल्या निशाणीबद्दल, 'नांगर' असं लिहिलेलं, त्याखाली 'पुढे निशाण्या', आणि शेवटी 'मुळाबरहुकूम नक्कल' म्हणून मास्तरांची सही. संपलं.

मूळ कागद सुदैवाने दप्तरातच होता, पण वेगळ्याच रुमालात. वर्षाचा हिशेब चुकल्यामुळे तिकडे गेलेला. कागदावर 'इसन्ने सितैन मया व अलफ' असा सन. दोन, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे सुहूर या जुन्या मराठी कागदांतल्या कालगणनेचं ११६२. त्यात ठरावीक आकडा मिळवला की इसवी सन येतो. मास्तर सरसकट ६०० मिळवत. पण सुहूर सन मृग नक्षत्राला, पावसाळ्याच्या तोंडावर सुरू होतो. त्यामुळे डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. इथे महिना रबिलाखर, म्हणजे नोव्हेंबर १७६१. पानिपत होऊन वर्षही झालं नव्हतं आणि इकडे गाव पाटीलकीचा मान ठरवत बसलं होतं.

कागद उलगडत शेवटापर्यंत गेलो. नांगराच्या खाली ओळीने बाकीचं गाव. सुताराचा वाकस म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, न्हाव्याचा आरसा, आणि कागदाच्या कडेला जेमतेम मावलेली आरी. दांडा जाड, टोक एका फटक्यात ओढलेलं. नावं कुलकर्ण्याच्या हातची, निशाणी ज्याची त्याची. शाईवर टाकलेल्या वाळूचे दोन-चार कण अजून तिथे चमकत होते. गृहस्थांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, नाव माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मोबाइलने फोटो काढला तो फक्त आरीचा. मग म्हणाले, "दुसऱ्या गावांचे कागद बी असेच उतरवल्यात का मास्तरांनी?"

तो प्रश्न काही सुटेना. मूळ आणि नक्कल दोन्ही उपलब्ध आहेत असे कागद मी जोडीने लावून पाहिले. बहुतेक ठिकाणी हेच. साधं उत्तर लगेच सुचतं आणि माझ्या तरुण सहकाऱ्याने ते दिलंही: जात. पण मास्तरांनी देशमुखांची लांबलचक बिरुदंही कापली आहेत आणि पत्राच्या सुरुवातीचे मायनेही. ओसरीवर मालक उठवायच्या आत कागद उतरवायचा, तर तंट्याचा निकाल आधी आणि शेपूट नंतर, असंही असेल. तरी एक गोष्ट खटकते. हा कागद तर त्यांच्या स्वतःच्या घरात होता. उठवणारं कुणी नव्हतं. पाटलाचा नांगर लिहायला वेळ मिळाला आणि पुढच्या ओळीवर आरी आहे, तिथे लेखणी थांबली. वतनाच्या तंट्यात ज्यांच्या साक्षीने गोताचा निवाडा पक्का व्हायचा, तीच माणसं नकलेतून गेली. आणि ज्या गावांच्या नुसत्या नकलाच उरल्यात, तिथली कायमची गेली.

तरीही मास्तरांना नावं ठेवणाऱ्यांचा मला रागच येतो. ते फिरले नसते तर नांगरही राहिला नसता. विद्यापीठातली किती मंडळी माणच्या उन्हात हिंडली?

सध्या वाद चाललाय तो नोंदीचा. वरिष्ठ म्हणतात, नकला 'पूर्ण' म्हणून चढवा, मास्तरांची तशी सही आहे. संगणकाच्या अर्जात 'पूर्ण' आणि 'अपूर्ण' एवढेच पर्याय, आणि ज्याने तो बनवला त्याने महजरालाही 'लेखकाचे नाव' सक्तीचं ठेवलंय. मी शेऱ्याच्या रकान्यात प्रत्येक नकलेपुढे 'साक्षीदारांची यादी गाळलेली' असं टाकत चाललोय. वरिष्ठांनी अजून पाहिलेलं नाही.