"टूल सांगतं ना ते!"

आज सायबर सुरक्षेच्या नोकरीसाठीच्या मुलाखतीत एका मुलाने एनमॅप (यंत्राचे पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरची दारं, तपासणारं टूल) झकास चालवून दाखवलं. मी विचारलं, "हा पोर्ट 'क्लोज्ड' आणि तो 'फिल्टर्ड' का दिसतोय?"

"टूल सांगतं ना ते!" अगदी निरागसपणे.

उत्तर खरं तर टीसीपीच्या (यंत्रं एकमेकांशी जोडणी कशी करतात, त्या नियमांच्या) पहिल्या धड्यातलं. सिन (जोडणीची विनंती) पाठवला आणि समोरून आरएसटी (नकार) आला, तर यंत्र जागं आहे, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही: हा 'क्लोज्ड'. काहीच आलं नाही, तर मध्ये बहुधा फायरवॉल बसलीय, पॅकेट (पाठवलेले संदेश) गुपचूप गिळणारी: हा 'फिल्टर्ड'. पुढे काय तपासायचं, ते यावरच ठरतं.

'सर्टिफिकेट म्हणजे नुसता कागद' असं आमच्या क्षेत्रात ऐटीत म्हणतात. थोडं खरंही आहे. सिक्युरिटी प्लस या सायबर सुरक्षेच्या सर्टिफिकेट परीक्षेत 90 मिनिटांत जास्तीत जास्त 90 प्रश्न. तेवढ्याने कुणी तरबेज होत नाही. पण त्या निमित्ताने पोर्ट, लॉग, एन्क्रिप्शन हे सगळं कंटाळवाणं प्रकरण एकदा ओळीने वाचावं लागतं. एरवी स्वतःहून कोण वाचतं? (मी तर नाहीच.)

टीममध्ये माणसं घेणाऱ्यांना विचारतोय: नव्या माणसाला आधी परीक्षा द्यायला लावता, की कामावर घेऊन पाया शिकवता?