आजार एका भागाचा

कॉम्प्युटर म्हातारा झाला, असं आपण ज्याच्याबद्दल म्हणतो तो बहुतेक वेळा म्हातारा झालेलाच नसतो. प्रोसेसर पहिल्या दिवशी ज्या वेगानं बेरजा करत होता त्याच वेगानं आजही करतो (पंख्यात धुळीचं गाठोडं अडकलेलं नसेल तर!). रॅमही कुठे झिजत नाही. सुरू व्हायला तो दहा मिनिटं घेतो, फोल्डर उघडताना ढिम्म बसून राहतो, याचं खापर मात्र सगळ्या यंत्रावर फुटतं आणि 'आता नवाच घेऊन टाका' हा सल्ला फुकट मिळतो. दोष असतो एकाच भागाचा. पंखे आणि सीडीचा ड्राइव्ह सोडले तर त्या अख्ख्या डब्यात फिरणारा भाग तो एकच. हार्ड डिस्क.

तिचं काम ऐकलं तरी दम लागतो. साध्या डेस्कटॉपमधल्या डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. तबकडीवरची माहिती वाचणारं डोकं तिला टेकत नाही. फिरण्यानं जी हवा ओढली जाते तिच्यावर ते तरंगतं, आणि मधलं अंतर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. अशा स्थितीत ती वर्षानुवर्षं आपली बिलं, पत्रं आणि लग्नाचे फोटो सांभाळते. आयबीएमनं १९५६ साली पहिली हार्ड डिस्क आणली, तेव्हा तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या. त्या सगळ्यांत मिळून मावायचे सुमारे ५ एमबी. आता मोबाइलवरचा एखादा फोटोच तेवढा भरतो.

डिस्कची खरी गंमत आहे तिच्या लपवाछपवीत. तबकडीवर काही जागा मुद्दाम राखून ठेवलेली असते. एखादा सेक्टर (माहिती ठेवायचा तबकडीवरचा छोटा कप्पा) बिघडला की डिस्क त्याच्याऐवजी राखीव सेक्टर वापरते आणि कुणाला कळूही देत नाही. घरातल्या जुन्या माणसानं दुखणं अंगावर काढावं, तसंच हे. नोंद मात्र ती प्रामाणिकपणे ठेवते. 'स्मार्ट' नावाच्या तिच्या वहीत 'रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर्स' आणि 'पेंडिंग सेक्टर्स' अशा ओळी असतात. पहिली म्हणजे बदललेल्या जागा, दुसरी म्हणजे वाचता न आलेल्या आणि निकाल न लागलेल्या. हे आकडे शून्यावर असले तर बहुधा काळजी नाही. दर आठवड्याला चढू लागले की समजावं, आता दिवस भरत आलेत. फोल्डर उघडताना होणारा खोळंबाही यातूनच येतो. एक सेक्टर वाचता येत नाही म्हणून डिस्क पुन्हा-पुन्हा प्रयत्न करते आणि तोवर बाकी सगळे तिच्या दारात ताटकळतात.

अशा वेळी दुरुस्तीच्या प्रोग्रॅमला हात लावू नये, हे माझं ठाम मत. तो डिस्कचा कोपरा न् कोपरा उलथापालथा करतो आणि तिची उरलीसुरली ताकद त्यातच जाते. आधी माल बाहेर काढावा, डागडुजी मागाहून. खराब डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा एक उपाय अजून कानावर येतो. आत दव धरलं की जी माहिती हाती लागली असती तीही जाते. लिनक्सवाल्यांचं 'डीडीरेस्क्यू', म्हणजे बिघडलेल्या डिस्कची दुसऱ्या डिस्कवर कॉपी करणारं सॉफ्टवेअर, मला आवडतं ते त्याच्या व्यवहारज्ञानामुळे. सरळ वाचता येईल तेवढं ते आधी उचलतं, अडेल तिथे वाद न घालता पुढे जातं आणि हट्टी जागांकडे सगळ्यात शेवटी वळतं. कुठवर आलो याची नोंदही ठेवतं, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी पहिल्यापासून सुरुवात नको.

कॉपी पार पडली की जुनीच्या जागी एसएसडी (चिपांवर माहिती ठेवणारी, न फिरणारी डिस्क) बसवायची, ते काम किरकोळ. चार स्क्रू, दोन केबली. डिस्कला मदरबोर्डशी जोडणाऱ्या साटा केबलचं तोंड इंग्रजी एलसारखं असल्यानं ती उलटी बसतच नाही. नवी एसएसडी इतकी हलकी की खोक्यात काही आहे ना, अशी शंका यावी. साडेतीन इंचाच्या कप्प्यात अडीच इंचाची वस्तू, म्हणून मध्ये पट्टी लावायची. जुन्या मदरबोर्डवर तिला पूर्ण वेग मिळत नाही हे खरं, पण त्याची हळहळ नको. फिरत्या डिस्कला हवी ती जागा शोधायला दहा-बारा मिलिसेकंद लागायचे, हिला त्याचा शंभरावा हिस्साही पुष्कळ होतो. फरक जाणवतो तो इथे.

आणि आवाज जातो. फाइल शोधतानाची ती कुरकुर म्हणजे आत काहीतरी चाललंय याची खूण होती. डिस्क बिघडली की टकटक व्हायची, आपण सावध व्हायचो. एसएसडी जाते तेव्हा बरेचदा हूं की चूं न करता जाते. बॅकअपची गरज या शांततेनं उलट वाढवून ठेवली आहे.

राहता राहिली जुनी डिस्क. फाइली डिलीट करून ती कुणाला देऊन टाकू नये. वरून सगळं पुसलं, तरी बदललेले ते सेक्टर नेहमीच्या पुसण्याच्या हाती लागत नाहीत आणि त्यांच्यावर जुना मजकूर तसाच राहू शकतो. त्यापेक्षा चांदणीच्या तोंडाचा स्क्रूड्रायव्हर आणून ती उघडावी. आत आरशासारख्या तबकड्या निघतात, त्यांवर मनसोक्त ओरखडे काढावेत. डोकं हलवणाऱ्या भागात दोन चपटे चुंबक असतात, तेवढे जपून काढावेत. ते एकमेकांच्या जवळ आले आणि मध्ये बोट सापडलं, तर शेजारपाजारच्यांना कळेल इतकं ओरडायला होतं.