जूनमधलं मतदान आणि आमची ग्रीन कार्डाची रांग

आपल्याकडे निवडणूक लागली की एबी फॉर्म कुणाच्या हातात पडणार यावर महिनाभर पैजा लागतात, आणि निर्णय होतो मुंबईत नाहीतर दिल्लीत. इथे अमेरिकेत तो फॉर्म मतदारच देतात म्हणा ना. पक्षाचा उमेदवार ठरवायला आधी वेगळं मतदान होतं, तीच प्रायमरी. ऐकायला फार छान. पण या मतदानाला जातं कोण? थोडेच लोक, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

मी राहते ती हेन्रायको काउंटी व्हर्जिनियाची राजधानी रिचमंडला लागून आहे. शॉर्ट पंप, ग्लेन ॲलन या बाजूला आपली मंडळी भरपूर. 2014 साली हा भाग काँग्रेसच्या सातव्या मतदारसंघात होता आणि खासदार होते एरिक कँटर. साधेसुधे खासदार नव्हेत, प्रतिनिधिगृहातले रिपब्लिकन बहुमताचे नेते. जॉन बेनर यांच्यानंतरचे स्पीकर हेच, असं सगळे धरून चालले होते.

त्यांच्या विरोधात प्रायमरीला उभे राहिले डेव्ह ब्रॅट. ॲशलंडच्या रँडॉल्फ-मेकन कॉलेजातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक. कँटर यांनी 50 लाख डॉलरच्या वर खर्च केला, ब्रॅट यांचा सगळा हिशेब दोनेक लाखांत आटोपला. जवळजवळ तेवढी रक्कम तर कँटर यांच्या प्रचारखात्यातून नुसती स्टेकहाउसांना गेली होती!

ब्रॅट यांच्या पाठीशी होते टी पार्टी या रिपब्लिकनांतल्या कडव्या उजव्या चळवळीचे स्थानिक गट. 2009 च्या फेब्रुवारीत शिकागोच्या वायदेबाजारातून एका टीव्ही पत्रकाराने सरकारी गृहकर्ज-मदतीवर तोंडसुख घेतलं, तिथून हे नाव पसरलं. कर, सरकारी खर्च आणि ओबामांची आरोग्य योजना हे त्यांचे राग. मागे बड्यांचा पैसा नव्हता असं नाही, उजव्या राजकारणाला पैसा पुरवणाऱ्या कोक या उद्योगपती बंधूंशी जोडलेल्या संघटनांनी हात सैल सोडले होते. पण गावातल्या सभेला खुर्च्या मांडणारे, फोन फिरवणारे लोक भाड्याचे नव्हते. 2010 मध्ये युटाचे सिनेटर बॉब बेनेट यांना त्यांनी प्रायमरीपर्यंतही पोचू दिलं नाही, पक्षाच्या राज्य अधिवेशनातच त्यांचा पत्ता कट केला. त्याच वर्षी डेलावेअरमध्ये माइक कॅसल यांना पाडून क्रिस्टिन ओ'डॉनेल यांना उभं केलं आणि नोव्हेंबरमध्ये हमखास वाटणारी जागा डेमोक्रॅटांना आंदण दिली.

आमच्याकडची खरी लढाई मे महिन्यातच झाली होती, आणि ती आम्हा कुणाला कळलीही नाही. कँटर यांच्या माणसांनी पक्षाच्या स्थानिक सभांमध्ये अधिवेशनाला जाणाऱ्या प्रतिनिधींच्या याद्या आपल्यापुरत्या ठरवून घ्यायचा खेळ मांडला होता. तळातले कार्यकर्ते त्यावर पेटले. हेन्रायकोतल्या अधिवेशनात कँटर यांच्या भाषणात आरडाओरडा झाला आणि पक्षाच्या मतदारसंघ-अध्यक्षपदावरचा त्यांचा माणूस हरला. एवढं होऊनही त्यांचा स्वतःचा सर्व्हे 34 टक्क्यांची आघाडी सांगत होता. शेजारचे निवृत्त आजोबा कट्टर रिपब्लिकन. ते कँटर यांची चकचकीत पत्रकं माझ्यासमोर रीसायकलच्या डब्यात टाकत म्हणाले, "हा गृहस्थ आता टीव्हीवरच भेटतो." मतदानाच्या सकाळी कँटर खरोखरच वॉशिंग्टनच्या एका स्टारबक्समध्ये बैठक घेत होते.

10 जून, मंगळवार. कामाचा दिवस, सुट्टी नाही. साधारण 65 हजार मतं पडली. ब्रॅट 36 हजार, कँटर 29 हजार. दोनच वर्षांपूर्वी नोव्हेंबरात कँटर यांना सव्वादोन लाखांच्या आसपास मतं होती. हे पद 1899 मध्ये आल्यापासून त्यावर बसलेला नेता प्रायमरीत पडल्याची ही पहिलीच वेळ. त्यांच्या सर्व्हेवाल्याने खापर डेमोक्रॅटांवर फोडलं. व्हर्जिनियात पक्षवार नोंदणी नसल्याने कुणीही येऊन मत देऊ शकतो, हे खरं. पण सात हजारांचा फरक तेवढ्याने निघत नाही. आणि गंमत म्हणजे टी पार्टीच्या नावाने देशभर देणग्या गोळा करणाऱ्या बड्या संघटनांनी ब्रॅट यांना फारसं विचारलंच नव्हतं.

आता आमचा संबंध. ब्रॅट यांचा मुख्य मारा इमिग्रेशनवर होता: कँटर बेकायदा आलेल्यांना माफी देणार, कंपन्यांना स्वस्त मजूर पुरवणार. सिनेटने जून 2013 मध्ये 68 विरुद्ध 32 मतांनी एक मोठं विधेयक मंजूर केलं होतं. त्यात नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांची देशवार मर्यादा काढून टाकायचं कलम होतं, म्हणजे भारतीयांची रांग मोकळी झाली असती. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावरच्या आम्हा सगळ्यांचे डोळे त्यावर. प्रतिनिधिगृहात ते आधीच अडखळलं होतं. कँटर पडले आणि उरलीसुरली हिंमतही गेली. जून संपायच्या आत बेनर यांनी ओबामांना सांगितलं, यंदा मतदान नाही.

मला या चळवळीची मतं पटत नाहीत, पण तिची चिकाटी मानावी लागते. फक्त तिचं सिंहासनही डळमळीतच. ब्रॅट 2018 मध्ये याच उपनगरांत डेमोक्रॅट ॲबिगेल स्पॅनबर्गर यांच्याकडून हरले, त्या 2025 मध्ये गव्हर्नरपदाची निवडणूक जिंकल्या. शेजारच्या पाचव्या मतदारसंघात बॉब गुड यांनी 2020 मध्ये, कोव्हिडमुळे चर्चच्या आवारात गाडीत बसूनच मतं घेतली गेली त्या अधिवेशनात, आपल्याच पक्षाच्या खासदाराला घरी बसवलं. पुढे ते फ्रीडम कॉकस या कट्टर उजव्या खासदारांच्या गटाचे अध्यक्ष झाले, पण त्याआधीच राष्ट्राध्यक्षपदासाठी ट्रम्प यांच्याऐवजी डिसँटिस यांना पाठिंबा देऊन बसले होते. 2024 च्या प्रायमरीत त्यांचाही निकाल लागला, चारशेपेक्षा कमी मतांनी.

आमच्या मराठी मंडळात नागरिकत्व मिळालेले आता बरेच आहेत. नोव्हेंबरात मुख्य निवडणुकीला सगळे मतदानाचे सेल्फी टाकतात. जूनमध्ये मात्र निम्मे पुण्याला किंवा नागपूरला गेलेले असतात, मुलांच्या शाळेला सुट्टी लागते ना.